कंट्रोल क्रमांक एक

सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

एथिक्स कमिटीचा नियम आहे की संशोधकानं संशोधनाची रोजनिशी ठेवावी. कुठल्या भाषेत, हे त्यांनी सांगितलेलं नाही, म्हणून मी मराठीत ठेवतो आहे. आमच्या मेडिकल कॉलेजात मराठी वाचणारी माणसं दोनच, मी आणि बायोस्टॅटिस्टिक्सच्या हिमानी मॅडम. त्या मूळच्या नागपूरच्या, नवरा रेल्वेत. बाकी कुणी चोरून वाचलंच तर तेवढंच त्याचं मराठी सुधारेल.

मी डॉ. सुश्रुत वझे, वय सत्तेचाळीस, न्यायवैद्यक विभाग. म्हणजे पोस्टमॉर्टेम करणारा. काशीत जन्मलेल्या मुलाचं नाव सुश्रुत ठेवताना अण्णांच्या मनात शल्यचिकित्सक असणार. झालोही तसाच, फक्त माझे पेशंट टाके घालताना कुरकुरत नाहीत.

विषय असा: २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत आमच्या चीरघरात (शवविच्छेदनगृहाला इकडे चीरघर म्हणतात) आलेल्या आत्महत्या. माणूस तिथवर का पोचतो, आणि पोचण्याआधी आसपासच्यांना काही दिसतं का. निबंध ३० नोव्हेंबरपर्यंत पाठवायचा आहे. त्यापुढचं मी काहीच ठरवलेलं नाही. पुष्कळ महिन्यांनी डोक्यात एकच तारीख आहे, आणि त्यामुळे हलकं वाटतं.

घरी अण्णा आणि मी, दुर्गाघाटावर. बायको नीरजा बँकेच्या बदलीवर पुण्याला गेली त्याला दीड वर्ष झालं, लेक रुचा तिच्याबरोबर. बदली तीन वर्षांची आहे असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पोट दुखतं आहे. परवाचे मोदक असावेत.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

माणूस कशानं मेला ते मी लिहितो. का मेला ते पोलीस लिहितात. आज पोलिसांचे कागद मोजले. एकूण चारशे बारा आत्महत्या, त्यांपैकी एकशे सत्त्याऐंशींसमोर एकच कारण: "पेट दर्द से परेशान होकर." परीक्षेत नापास झालेली मुलगी, पेट दर्द. नवऱ्यानं टाकलेली बाई, पेट दर्द. दुकान बुडालेला माणूस, त्यालाही पेट दर्द.

ओळखीच्या दरोगाला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टर साहब, पेट दर्द लिख दो तो कोई आगे सवाल नहीं पूछता. घरवाले भी खुश, हम भी खुश."

हे डीनसाहेबांना सांगितलं. ते गंभीर झाले. "इतना पेट दर्द! गैस्ट्रो वालों को जोड़िए." दुपारपर्यंत गॅस्ट्रोच्या विभागप्रमुखांची चिठ्ठी आली. अभ्यासात सामील व्हायला त्यांना आनंदच आहे, या रुग्णांना फॉलो-अपसाठी परत बोलावता येईल का?

माझं पोट मात्र खरंच दुखतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

एथिक्स कमिटीच्या अकरा शंका आल्या. काही नोंदवून ठेवतो, पुढच्या पिढ्यांना खोटं वाटायला नको.

शंका ३: प्रत्येक सहभागी व्यक्तीची सही किंवा अंगठ्याचा ठसा असलेलं संमतिपत्र जोडावं. मी कळवलं, ठसा मिळू शकेल, संमतीचं सांगता येत नाही. शंका ४: सहभागी व्यक्तीला अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार आहे, त्याची व्यवस्था काय? मी कळवलं, सहभागी व्यक्ती आधीच बाहेर पडल्या आहेत. शंका ७ सहभागी व्यक्तींच्या चहा-नाश्त्याबद्दल होती.

सगळ्यांत हास्यास्पद शंका अकरावी. ती मनोविकार विभागाच्या डॉ. निवेदिता यांची. "हे काम करताना संशोधकाच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याची काय काळजी घेतली जाईल?" मी लिहिलं, लागू नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

पितृपक्ष. अण्णा पहाटेपासून पिशाचमोचन कुंडावर असतात. वय एकोणऐंशी, पण या पंधरवड्यात ते माझ्यापेक्षा तरुण दिसतात. चाळीस वर्षं नारायणबली करताहेत. अपघातानं किंवा स्वतःच्या हातानं गेलेल्यांसाठी घरचे लोक करवून घेतात तो विधी. म्हणजे आम्हा बापलेकांचं गिऱ्हाईक एकच. आधी माझ्याकडे येतं, मग त्यांच्याकडे.

आज त्यांचा डबा घेऊन गेलो आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. विधीआधी अण्णा घरच्यांना बाजूला घेतात. खाली बसवतात, पाणी देतात. मग म्हणतात, "अब सच-सच बताइए, कैसे गए. यहाँ पुलिस नहीं है." आणि लोक सांगतात! ज्या बाईनं मला आणि पोलिसांना "पाँव फिसल गया था" असं शपथेवर सांगितलं होतं, ती तिथं पदर तोंडात कोंबून सगळं सांगत होती. अण्णांनी वहीत एक ओळ लिहिली.

परत येताना मी विचारलं, "अण्णा, ही वही कधीपासूनची?"

"पहिल्या दिवसापासूनची."

"मला पाच वर्षांची हवी. अभ्यासासाठी."

ते थांबले. "नावं मिळणार नाहीत. लोकांनी माझ्याजवळ विश्वासानं सांगितलंय. तिथी घे, वय घे, मोहल्ला घे. बाकी मी कागद चिकटवून झाकून देतो."

"आणि ते खरंच सांगतात हे कशावरून?"

"खोटं सांगितलं तर पिंड पोचत नाही असं मी त्यांना सांगतो." चार पावलं चालल्यावर पुढे म्हणाले, "पोचतो की नाही ते मला कुठं ठाऊक? पण बिलकुल खरं सांगतात."

बुधवार, ९ ऑक्टोबर

वहीत पाच वर्षांच्या एकशे अडतीस नोंदी. हिमानी मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांच्या सॉफ्टवेअरला "भाद्रपद वद्य नवमी" चालत नाही. त्यांनी कुणाकडून तरी बनारसी पंचांग मिळवलं, सगळ्या तिथींच्या तारखा काढल्या आणि आमच्या चीरघराच्या रजिस्टरशी जुळवल्या. आज संध्याकाळी त्यांचा फोन, आवाज बसलेला.

"सर, एक प्रॉब्लेम आहे. एकोणचाळीस लोकांचा नारायणबली ते मरायच्या आधीच झालाय."

"किती आधी?"

"दोन-तीन आठवडे. वाटतंय जसं काही बुकिंग करून गेलेत."

मी तासभर रजिस्टर चाळलं. मग घरी येऊन अण्णांना विचारलं, तर ते पोट धरून हसले. काशीतल्या पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो, आम्हा दक्षिणींचा, म्हणजे इथल्या मराठी घरांचा, अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात आम्ही भाद्रपदात असतो तेव्हा शेजारचे पांडेजी आश्विनात जाऊन बसलेले असतात. दोन-अडीचशे वर्षं गंगेचं पाणी पिऊन आमचा महिना अजून पुण्याचाच आहे. अण्णांची प्रत्येक वद्य तिथी एक महिना मागे पडली होती.

"एकोणचाळीस माणसं, अण्णा! मरायच्या आधीच विधी!" मीही हसत होतो.

अण्णांचं हसणं मध्येच थांबलं. "तसं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "महिनाभर आधी माझ्यासमोर येऊन बसले असते."

मग चष्मा पुसत बसले. म्हाताऱ्या माणसांना विनोद शेवटपर्यंत टिकवता येत नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

तारखा दुरुस्त केल्यावर एकशे एकतीस जुळल्या. त्यांपैकी आमच्या रजिस्टरात आत्महत्या म्हणून नोंदलेल्या फक्त सत्तेचाळीस. उरलेले चौऱ्याऐंशी पाय घसरून, चुकून, अज्ञात कारणानं. त्या चौऱ्याऐंशींतल्या साठ अहवालांवर माझी सही आहे.

मी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. माणूस का मेला हे शरीर सांगत नाही. तरी ते साठ अहवाल काढून टेबलावर ठेवले आणि दुपारभर नुसता बसून राहिलो. आमचा मदतनीस रामजियावन चहा ठेवून गेला, नंतर गार झालेला उचलून घेऊन गेला. बावीस वर्षं तो माझ्याबरोबर चीरघरात आहे. इतक्या वर्षांत मी चहा न पिता ठेवल्याचं त्याला आठवत नाही म्हणे.

आज दसरा. रुचाशी फोनवर बोललो. तिला माझी फाउंटन पेनं कुरियर केली आहेत, सगळी सात. "बाबा, तुम्ही कशानं लिहिणार?" म्हणाली. आता लिहायचं असं फारसं नाही, असं म्हटलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

घरभेटींना सुरुवात. वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना विचारायची. उत्तरांवरून गुण. बाराच्या वर गेलं तर धोका मोठा होता असं समजायचं.

पहिली भेट रामघाटावर, प्रभावतीबाईंकडे. नवरा शाळामास्तर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. बाईंनी आधी मला ओळखलंच नाही, मग अण्णांचं नाव घेऊन "नरहरशास्त्र्यांचे तुम्ही!" म्हणून थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. प्रश्न सात, वागण्यात काही बदल?

"फार चांगले वागायला लागले होते हो," बाई म्हणाल्या. "जन्मात कधी काही आवरलं नाही, ते शेवटच्या महिन्यात एकदम व्यवस्थित. लायब्ररीची पुस्तकं परत केली. सायकल भाच्याला दिली. कुठली चाबी कुठल्या कुलपाची, ते मला चिठ्ठ्या लावून दाखवलं. मला वाटलं, चला, म्हातारपणी तरी माणूस सुधारला." त्या हसल्या, आणि हसता हसताच रडल्या. "मी आनंदात होते हो त्या महिन्यात. ते मला सहन होत नाही."

मी लिहून घेत होतो. त्यांनी डोळे पुसून मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवता की नाही वेळेवर? झोप लागते का?" मी नोंदवलं, उत्तरदाती विषयांतर करते. थालीपीठ चांगलं होतं. अर्धं खाल्लं.

येताना चीरघरात गेलो आणि माझी स्कूटर रामजियावनला देऊन टाकली. आमच्या गल्लीत शिरत नाही, मैदागिनच्या चौकात नुसती उभी राहून धूळ खाते. तो चाबी घेईना. "काहे साहेब? आप कइसे आइब?" शेवटी त्याच्या खिशात कोंबली. एक काम संपलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

हिमानी मॅडम म्हणतात, नुसते मेलेले लोक घेऊन शास्त्र होत नाही. त्याच वयाचे, त्याच मोहल्ल्यातले, पण जिवंत लोकही तपासावे लागतात. त्यांना कंट्रोल म्हणतात. दोन्ही गटांचे गुण वेगळे निघाले तर प्रश्नावली खरी.

बरोबर आहे. पण सत्तेचाळीस वर्षांचा, दुर्गाघाटावरचा, चाळीस मिनिटं मोकळी असलेला पुरुष कुठून आणू? गल्लीत विचारलं. एकाला वाटलं विमा विकतो आहे. दुसऱ्याला कळलं की मी चीरघरातला, तो हात जोडून म्हणाला, "अभी टाइम नहीं आया है गुरु." म्हणून आज दुपारी मी स्वतःच कंट्रोल क्रमांक एक झालो.

नियमाप्रमाणे प्रश्न मोठ्यानं विचारायचे असतात. तेव्हा विभागातल्या खोलीचं दार लोटून मी माझ्या खुर्चीवरून प्रश्न विचारला, उठून समोरच्या खुर्चीवर गेलो, उत्तर दिलं, परत येऊन नोंदवलं. असं वीस वेळा. कंबर धरली. उत्तरदाता सहकार्य करणारा होता. अकराव्या प्रश्नाला मात्र गप्प बसला. (सकाळी उठल्यावर, आजचा दिवस कशाला उगवला असं किती वेळा वाटतं?) नियम असा की अर्धा मिनिट थांबावं आणि तोच प्रश्न सौम्यपणे पुन्हा विचारावा. मी थांबलो, सौम्यपणे विचारलं, पाणी देऊ केलं. तो म्हणाला, रोज.

गेल्या काही महिन्यांत वस्तू वाटल्या का? हो, आवराआवर म्हणून. पुढच्या वर्षीचा काही बेत? नाही, अजून ठरलेला नाही म्हणून. प्रत्येक उत्तरामागचं कारण अगदी पटण्यासारखं होतं. बेरीज सतरा.

याचा अर्थ प्रश्नावली सदोष आहे. वाईट वाटलं, दीड महिना घालवला होता. दाराच्या फटीतून रामजियावन बघत उभा होता. त्याला म्हटलं, संशोधन चाललंय.

बुधवार, २३ ऑक्टोबर

हिमानी मॅडम कागद घेऊन आल्या. बसल्या नाहीत.

"सर, कंट्रोल क्रमांक एक कोण आहे?"

"ते गोपनीय असतं."

"सत्तेचाळीस वर्षं, दुर्गाघाट, व्यवसाय न्यायवैद्यक. सर, हे तुम्ही आहात."

"बरं, मग? कंट्रोल म्हणून चालेल का?"

"नाही."

"का?"

"हा माणूस मेलेल्यांच्या गटात बसतो, सर."

"पण तो जिवंत आहे."

"हो सर," त्या म्हणाल्या. "तेच म्हणतेय मी."

मी त्यांना समजावलं की मर्यादा बारावरून अठरावर नेली की प्रश्न सुटतो. त्यांनी साफ नकार दिला. हुशार बाई, पण हट्टी. जाताना विचारलं की घरी कोण असतं. मी म्हटलं, वडील. त्यांनी अण्णांचा नंबर मागितला, पंचांगाच्या शंका विचारायला म्हणून.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दिवाळी. काही दिवसांत विचित्र प्रकार चालू झाले आहेत, लिहून ठेवतो.

रामजियावन रोज संध्याकाळी माझ्याबरोबर दुर्गाघाटापर्यंत चालत येतो. विचारलं तर म्हणतो, "हमहूँ एहरे से जाइत हई." त्याचं घर गंगेपलीकडे, रामनगरला आहे. माझी स्कूटर तो चीरघराच्या ओसरीत ठेवतो, रोज पुसतो, चालवत नाही. हिमानी मॅडम रात्री साडेआठला न चुकता फोन करतात आणि ज्याचं उत्तर त्यांना माहीत आहे असं काहीतरी विचारतात. अण्णा, ज्यांनी मला आठवीनंतर कधी कुठं बरोबर नेलं नाही, ते आता भाजी आणायलाही "चल, पिशवी धर" म्हणतात. काल पाहिलं तर त्यांनी आपला बिछाना माझ्या खोलीत आणून टाकलेला. विचारलं, तर म्हणाले त्यांच्या खोलीत डास आहेत.

पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. निबंध चांगला होणार हे कळलेलं आहे, आणि सगळ्यांना लेखकांच्या यादीत नाव हवं आहे. गॅस्ट्रोवाले निदान तोंडानं मागतात तरी.

नीरजाचा फोन आला. ती आठवड्यातून दोनदा करते, या आठवड्यात हा चौथा. म्हणाली, आवाज कसातरी येतोय. मी म्हटलं, लाइन खराब आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

देवदिवाळी. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. मला घरीच थांबायचं होतं, पण रामजियावन बायको, दोन सुना आणि पाच नातवंडांसह येऊन थडकला. "साहेब, आपके छत से अच्छा दिखता है." बावीस वर्षांत त्याला आमचं छत आठवलं नव्हतं. त्याची बायको माझ्या ताटात पुरी वाढत राहिली आणि सगळ्यांत धाकटी नात माझ्या मांडीवर झोपून गेली, त्यामुळे तीन तास उठता आलं नाही. पाय बधिर झाला. खाली सगळे घाट उजळलेले. सगळं फार सुंदर होतं आणि मला काहीच वाटलं नाही. ते सगळ्यांत वाईट.

याच्यासाठी रामजियावनला पाचवा लेखक केलं आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

निबंध पूर्ण. अण्णांचं नाव तिसरं. जर्नलच्या फॉर्मवर पदवी विचारली आहे. "वेदमूर्ती" लिहिलं, फॉर्मनं घेतलं नाही.

टेबलाचे खण रिकामे केले. पुस्तकं विभागाच्या लायब्ररीत गेली. कुणाच्या पत्राचं उत्तर राहिलेलं नाही. खरं लिहायचं तर एक गोष्ट मनात येते आणि मी तिच्यावर दुसरं काहीतरी ठेवून देतो. १ तारखेला सकाळी उठून मी काय करणार आहे, ते मला दिसत नाही. प्रयत्न केला. कॅलेंडरचं ते पान उलटून पाहिलं. खाली पांढरी भिंत असल्यासारखं वाटलं. मला माझीच भीती वाटली. मग उठून अण्णांच्या बिछान्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते जागेच होते. "पाणी हवंय का?" म्हणाले. हो म्हटलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दुपारी चार वाजता निबंध पाठवला. चार वाजून पाच मिनिटांनी घरी निघालो. रामजियावन आज दिसला नाही, म्हणून एकटाच आलो.

घरात पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरात सभा. पाटावर अण्णा, समोर हिमानी मॅडम, दाराशी रामजियावन. मध्ये जमिनीवर माझी प्रश्नावली, कंट्रोल क्रमांक एकची. मला पाहून तिघंही गप्प झाले.

मला राग आला. मी उभ्यानंच सांगून टाकलं की लेखकांचा क्रम आता बदलता येणार नाही, निबंध गेला आहे. पहिला मी, दुसऱ्या हिमानी मॅडम, तिसरे अण्णा, डीनसाहेबांच्या आग्रहानं चौथे गॅस्ट्रोवाले, आणि रामजियावन पाचवा. यावर कुणाचं काही म्हणणं असेल तर आठ दिवसांत लेखी कळवावं.

रामजियावननं विचारलं, "गुरुजी, ई का कहत हउवन?"

अण्णा पाट सोडून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. माझ्यापुढं येऊन उभे राहिले. अण्णा माझ्यापेक्षा वीतभर बुटके आहेत हे मी विसरलो होतो.

"सुश्रुत," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी वही लिहितोय. रोज कुणाचा तरी बाप समोर बसतो आणि म्हणतो, गुरुजी, दिसत होतं हो, सगळं दिसत होतं, पण विचारायचं कसं ते कळलं नाही. मी लिहून घेतो. पुढच्याला बोलावतो. आता माझी पाळी आलीय आणि मलाही कळत नाही. या बाई महिनाभर मला फोनवर शिकवताहेत की सरळ विचारायचं. तर सरळ विचारतो. तुझ्या मनात जीव द्यायचं आहे का?"

मी म्हणालो, "प्रश्नावलीत तो प्रश्न वेगळ्या शब्दांत आहे."

"माझ्या वहीत तुझी तिथी लिहायला लावू नकोस रे," अण्णा म्हणाले.

वीस प्रश्नांना पटण्यासारखी वीस कारणं माझ्याकडे होती. या एकाला नव्हतं. मी म्हटलं, "हो अण्णा. पुष्कळ दिवस आहे." माझाच आवाज मला समोरच्या खुर्चीतून आल्यासारखा वाटला. मग मी रडलो, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत, हिमानी मॅडमसमोर. रामजियावननं माझा हात जो धरला तो सोडेचना. चीरघरात बावीस वर्षं काम केलेला माणूस, पकड भक्कम आहे. अण्णांनी माझं डोकं खाली ओढून स्वतःच्या खांद्यावर ठेवलं, माझी मान अवघडली तरी मी ते काढून घेतलं नाही.

"मी काय करू तुझ्यासाठी?" ते विचारत होते. "माझ्या पोथ्यांत गेलेल्यांसाठी सगळं आहे. जिवंत माणसासाठी काही सापडत नाही मला."

हिमानी मॅडम नाक पुसत म्हणाल्या, "ओपीडी आहे काका. सोमवारी सकाळी आठला पर्ची मिळते. तोवर सरांना एकटं सोडायचं नाही, आम्ही पाळ्या लावू." आणि कागद काढून खरोखरच पाळ्यांचा तक्ता केला, रंगीत पेनानं. नीरजाला फोन त्यांनीच लावून माझ्या हातात दिला. नीरजा म्हणाली, "निघतेय मी, रुचाला घेऊन."

सोमवार, २ डिसेंबर

मनोविकार विभाग आमच्याच आवारात आहे, चीरघरापासून चालत तीन मिनिटं. मी अण्णांना म्हटलं, मी इथला डॉक्टर आहे, डॉ. निवेदितांना फोन केला तर रांगेत उभं राहावं लागणार नाही. अण्णा म्हणाले, "नको. तू तिथं गप्पा मारून परत येशील. सीधा रांगेत उभा राहा." इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. पिशवीत पाण्याची बाटली, केळी आणि पंचांग. पंचांग कशाला ते विचारलं नाही.

पर्चीच्या खिडकीत एक बाई होती, मान खाली घालून लिहिणारी.

"मरीज का नाम?"

अण्णांनी सवयीनं सुरू केलं, "सुश्रुत, अत्रि गोत्र—"

"गोत्र नहीं बाबा, उमर बताइए."

"सैंतालीस," मी म्हणालो.

"तकलीफ?"

मागे बरीच माणसं उभी होती. एक कंपाउंडर मला ओळखून नमस्कार करून गेला. अण्णांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोललो. "जीने का मन नहीं करता," मी म्हणालो. मला वाटलं होतं की ती बाई दचकेल, लिहायची थांबेल, मागचे लोक बघतील. तिनं लिहिलं. तिनं ते वाक्य इतक्या सहज लिहिलं की रोज लिहीत असणार.

"साथ में कौन है?"

अण्णा खिडकीशी वाकले.

"बाप," ते म्हणाले.

बाईनं तेही लिहिलं आणि पर्ची बाहेर सरकवली. नंबर बेचाळीस. आम्ही जाऊन बाकावर बसलो. अण्णांनी पर्ची नीट घडी घालून उपरण्याच्या टोकात बांधली आणि एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. मी ते सगळं खाल्लं.